बैठकीचा पुठ्ठा

दारव्ह्याच्या बाजारातल्या एका सीट कव्हरच्या दुकानात, आरसा आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर यांच्या मधोमध, सध्या माझ्या बुडाचा ठसा लटकलेला आहे. पुठ्ठ्यावर. खाली मार्करनं माझं आडनाव लिहिलंय, तेही चुकीचं. परवा एका शेतकऱ्याकडे ठिबकच्या नळ्यांचं माप घ्यायला गेलो, तर त्याच्या पोट्ट्यानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग एक चक्कर मारून मागून पाहिलं आणि आत ओरडला, "बाबा, हे तेच व्हय!"

झालं ते असं. मी ठिबकचं सामान विकतो. दारव्हा, दिग्रस, मानोरा, कारंजा, नेर असा रोजचा सव्वाशे किलोमीटरचा फेरा, दुचाकीवर. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण हप्ते अजून चालू आहेत. गाडी चांगली आहे, इंजिन चांगलं आहे, सीट मात्र बहुतेक अशा माणसानं बनवली असावी ज्यानं आयुष्यभर उभ्यानंच काम केलं. पहिले वीस किलोमीटर काही नाही. मग मुंग्या. चाळीसनंतर दोन हाडं बोलू लागतात. कारंज्याला पोचेपर्यंत अशी अवस्था, की चहाच्या ठेल्यावर बाकडं रिकामं असूनही मी फोन कानाला लावून उभा राहतो. समोर कोणीच नसतं. लोकांना वाटतं, मोठा धंदा आहे याचा.

आणि हे दुखणं सांगायची सोय नाही. कंबर म्हटलं की लोक बाम सुचवतात. गुडघा म्हटलं की यवतमाळच्या डॉक्टरचं नाव सांगतात. बूड म्हटलं की हसतात. घरी सांगितलं तर ही म्हणाली, "उशी घेऊन जा ना." पंचेचाळीस वर्षांचा माणूस सोफ्याची फुलाफुलांची उशी बांधून गावोगाव हिंडतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी त्याच रात्री ऑनलाइन सीट मागवली. टूरिंग सीट. आत जेल. सहा हजार दोनशे पन्नास रुपये. फोटोत एक दाढीवाला बर्फाच्या डोंगरापुढं त्या सीटवर बसून हसत होता. तेव्हाच कळायला पाहिजे होतं, की बर्फातल्या माणसाची सीट आणि एप्रिलातल्या दारव्ह्याची सीट यांत फरक असणार. जेल उन्हात तापतं आणि तापलं की लवकर निवत नाही. कृषी केंद्रासमोर वीस मिनिटं गाडी उन्हात ठेवून परत बसलो, तेव्हा तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून केंद्रवाल्यानं पाण्याचा ग्लास आणून दिला. प्यायला. मला तो दुसरीकडे हवा होता.

परत घ्या म्हणून कळवलं तर उत्तर आलं, वापरलेली वस्तू परत होत नाही. मी विचारलं, न बसता सीट कशी आहे ते कसं कळावं? त्यावर हात जोडलेलं एक चित्र आलं.

म्हणून बाजाराच्या दिवशी ती सीट घेऊन उस्तादकडे गेलो. उस्ताद म्हणजे सीट कव्हरवाला. त्यानं सीटवर अंगठा दाबला, उचलला आणि खड्डा भरून यायची वाट पाहत बसला. खड्डा काही भरला नाही. "भाऊ, हे सीट नाही, मैद्याचा गोळा आहे." मग त्यानं जे सांगितलं ते मला सहा हजार दोनशे पन्नास रुपये भरण्याआधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मऊ फोम दुकानात बोटाला गोड लागतो, पण दोन तासांत दबून चपाती होतो, आणि मग माणूस फोमवर नाही, खालच्या फायबरच्या पाटीवर बसलेला असतो. सीटला खाली कडक माल पाहिजे. फोमच्या कातरणाचा चुरा दाबून जो रिबॉन्डेड बनवतात, तो. वर चाळीस डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला चाळीस किलो भरणारा. आणि अगदी वर अर्धा इंच मऊ, मनाच्या समाधानासाठी. "पण आधी माप घ्यावं लागंन," उस्ताद म्हणाला आणि आत पुठ्ठा शोधायला गेला.

आता काकाजी.

काकाजींचं त्या दुकानात काहीही काम नव्हतं. दुकानाबाहेर मोडीत निघालेल्या जीपची मागची सीट बाकड्यासारखी टाकलेली आहे, तिच्यावर ते बसले होते. धोतर, टोपी, मांडीवर मेथीची जुडी, हातात काठी. त्यांची एसटी चारला. तोवर दारव्ह्यात जे काही घडेल त्यावर त्यांचा हक्क.

"कोठी दुखते?" त्यांनी विचारलं.

"बसतो तिथं," मी हळूच म्हणालो.

"अं?"

"बसतो तिथं, काकाजी."

"या कानानं ऐकू येत नाई मले. इकून सांग."

मी इकून सांगितलं. तेवढ्यात समोर कांदे मोजणाऱ्या बाईनं तराजू खाली ठेवला.

"मंग असं म्हन ना, ढुंगन दुखते! लाजते काउन? सगळ्याइलेच असते." मग जरा वाकून, पण आवाज तेवढाच ठेवून, "मुळव्याध तं नाई ना?"

"नाही."

"पाहून घेजो. आमच्या साडूले तसंच झालतं. तोई म्हने, गाडीनं दुखते. गाडी इकली. तरी दुखूनच राह्यलं होतं."

उस्ताद टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन आला, लाकडी स्टुलावर ठेवला आणि म्हणाला, बसा. पद्धत अशी, की आतल्या नळ्यानळ्यांचा पुठ्ठा बसणाऱ्याच्या वजनानं दबतो आणि बैठकीची दोन हाडं जिथं टेकतात तिथं दोन खड्डे पडतात. त्या दोन खड्ड्यांतलं अंतर मोजायचं आणि त्या जागी आधार द्यायचा. शास्त्र पक्कं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार जागेची आहे. आत फोमचे गठ्ठे असल्यामुळे स्टूल रस्त्यावर होतं.

मी बसलो. काकाजींनी मान हलवली. "असं नाई. गाडीवर असं ताठ बसते का कोनी? वाक."

मी वाकलो.

"हँडल धर."

"हँडल कुठाय इथं?"

काकाजी उठले. मेथी जीपच्या सीटवर ठेवली. माझ्यासमोर येऊन दोन्ही हातांनी काठी आडवी धरली. "धर."

आता मी काय करायला पाहिजे होतं? उठून जायला पाहिजे होतं. पण मोठ्या माणसानं काही पुढं केलं की धरायचं, असं लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी काठी धरली. भर बाजारात, एप्रिलच्या उन्हात, एक गृहस्थ स्टुलावर वाकून बसलाय, समोर एक म्हातारा काठी धरून उभा आहे, आणि उस्ताद घड्याळ पाहून म्हणतोय, अजून एक मिनिट, हलू नका. दोन पोरं आली. त्यातल्या एकानं तोंडानं गाडी सुरू केली. दुसरा म्हणाला, "गिअर टाका ना." त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, दिग्रसकडचे एक गिऱ्हाईक, ज्यांच्याकडून मला अठ्ठावीस हजारांची उधारी यायची आहे आणि जे सहा महिने मला पाहून रस्ता बदलतात, ते स्वतःहून जवळ आले आणि म्हणाले, "नमस्कार साहेब. नवीन घेतली का?"

उधारी मागायची तीच वेळ होती. पण माझे दोन्ही हात अडकलेले होते.

मिनिट संपलं. उस्तादनं पुठ्ठा उचलून टेप लावली. साडेचार इंच. तो आकडा लिहीपर्यंत काकाजींनी पुठ्ठा घेतला आणि हात पाहणारा ज्योतिषी बघतो तसा उन्हाला तिरपा धरला. "हे दोन तं समजले. पन हा चौकोन कायचा?"

उजव्या खड्ड्याखाली खरंच एक चौकोन उमटला होता. पाकीट. मागच्या खिशातलं.

"काढ."

काढलं. शपथेवर सांगतो, मी ते त्यांच्या हातात देणार नव्हतो. ते गेलंच. काकाजींनी पाकीट उघडून एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली, आणि गर्दीनं ते संपत्तीच्या जप्तीसारखं पाहिलं. पेट्रोलच्या पावत्या. बँकेचं कार्ड. दुसऱ्या बँकेचं बंद पडलेलं कार्ड. एकशेचाळीस रुपये. आणखी पावत्या. आणि शेवटी, प्लास्टिकच्या कप्प्यातून, शेगावहून आणलेला गजानन महाराजांचा छोटा फोटो.

काकाजींनी फोटो कपाळाला लावला. मग माझ्याकडे जे पाहिलं, तसं माझ्याकडे आजवर बँकेनंही पाहिलेलं नाही.

"महाराजाले बुडाखाली घिऊन फिरतं तू?"

कांदेवाली बाई म्हणाली, "अगं माय."

"दिवसभर महाराजावर बसते, अन् वरून म्हन्ते दुखते! नाई दुखन तं काय होईन?"

मी म्हणालो, काकाजी, फोटो पाकिटात असतो, पाकीट खिशात असतं, सगळेच ठेवतात. हे बोलताच समोरच्या तीन माणसांचे हात आपापल्या मागच्या खिशाकडे गेले. एकानं गुपचूप पाकीट शर्टाच्या खिशात सरकवलं. म्हणजे निदान माझ्यामुळे तिघांचा उद्धार झाला.

उस्ताद खालमानेनं सीटचा फोम आरीच्या पात्यानं कापत होता. तो म्हणाला, "काकाजी बरोबर सांगून राह्यले, भाऊ. पाकीट ठेवलं का एक बाजू वर उचलते, मंग कमर वाकडी बसते अन् सगळा लोड एका अंगावर येते." हे त्यानं पाच मिनिटं आधी सांगितलं असतं तर गोष्ट शास्त्रापुरती राहिली असती. आता ती श्रद्धेची झाली होती. एका बाईनं मला शेगावला पायी जायचं सुचवलं. पायी! मी सीट करायला आलो होतो.

एसटी येईपर्यंत काकाजी शेगावच्या जुन्या वाऱ्या सांगत बसले. बैलबंडीत कुटाराचं, म्हणजे भुशाचं, पोतं टाकायचे, त्यावर गोधडी. "पोतं बसनाऱ्याच्या मापानं दबते. दबलं का झटकायचं, पुन्हा नवं. तुमच्या फोमले झटकता येते का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, उस्तादकडेही नव्हतं. मग शकुंतला रेल्वेचे बाक, अडीच फुटी रुळांवरचे, लाकडाचे. "त्याच्यावर बसून मूर्तिजापूरले गेलो, कधी नाई दुखलं." खरं असेल. शकुंतला ज्या गतीनं जायची त्या गतीनं माणूस मधे उतरून, पाय मोकळे करून, परत चढत असणार.

सीट संध्याकाळी झाली. दोन हजार शंभर. सोल्यूशनचा वास अजून येतो. पुढचा उतार भरून काढल्यामुळे आता टाकीवर घसरत नाही, आणि रेक्झिनखाली पॉलिथिन टाकलंय म्हणजे पावसाळ्यात शिवणीतून पाणी जाऊन फोमचा स्पंज होणार नाही. दुसऱ्या दिवशी कारंज्याला गेलो. उतरलो. बाकड्यावर बसलो. बसून चहा प्यायलो. ठेलेवाला म्हणाला, आज फोन नाही आला वाटतं.

पण बरं वाटलं ते सीटमुळे की पाकिटामुळे, हे आता मला मरेपर्यंत कळणार नाही. दोन्ही एकाच दिवशी बदललं. आठ हजार तीनशे पन्नास रुपये घालवून जे झालं, ते कदाचित एक पाकीट वरच्या खिशात ठेवून झालं असतं, फुकटात. हा विचार रात्री येतो.

आणि खरं म्हणजे दुखणं सीटचं नाहीच, रस्त्याचं आहे. कारंज्याच्या बाजूनं समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटर, नागपूर ते मुंबईची वेस. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा भाग सुरू झाला. गुळगुळीत, पोटातलं पाणी हलत नाही म्हणतात. म्हणतात, कारण दुचाकीला बंदी आहे. त्या वेगात दुचाकी सुरक्षित नाही, हे मलाही कळतं. पण ज्यांच्या जमिनीतून तो रस्ता गेला त्यांतले किती जण दुचाकीवरच फिरतात, हेही मी रोज पाहतो. ते बाजूच्या रस्त्यानं जातात. मीही तिकडूनच जातो, खड्डा चुकवत, वरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकत. तिकडे अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज रेकॉर्ड झाला. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या गावच्या फाट्यावर एक खड्डा आहे, तो त्याच्याही आधीपासून आहे. दरवर्षी मुरूम टाकतात, दरवर्षी पाऊस तो काढून नेतो. मी गेली चार वर्षं त्यातून उभ्यानं गाडी काढतो. रिबॉन्डेड फोम काय करणार तिथं? असो. खड्ड्यावर बोलायला लागलो की ही म्हणते, जेवून घ्या.

काल परत बाजार होता. ठरवून गेलो, की काही झालं तरी पुठ्ठा काढून आणायचा. उस्ताद म्हणाला, "राहू द्या ना भाऊ. मीडियम साईज म्हणून त्याच्यावरून दोन गाड्या काढल्या." म्हणजे या तालुक्यात दोन अनोळखी माणसं माझ्या हाडांच्या मापावर बसून हिंडत आहेत. मी म्हटलं, ते काही नाही, काढा. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"कोठी दुखते?"

एक चष्मेवाला मास्तरसारखा माणूस स्टुलाजवळ हेल्मेट कवटाळून उभा होता. काकाजी जीपच्या सीटवर. "लाजू नको. हा पाय, हा बाबू. याचं पाहून घे भितीवर. महाराजावर बसत होता. पाकीट काढलं, चांगला झाला." मास्तरनं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सावकाश आपलं पाकीट काढून हेल्मेटमध्ये ठेवलं. उस्तादनं नवा पुठ्ठा मांडला. मास्तर बसला, वाकला आणि हँडल शोधू लागला.

काकाजींच्या एका हातात मेथी होती, दुसऱ्यात तंबाखू. त्यांनी हनुवटीनं मला काठी दाखवली.

धरली.