स्तनाग्र आत असणं आणि आत जाणं: फिरत्या मेसेजला उत्तर

सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: निपल आत वळलेलं असेल तर बाळाला अंगावर पाजता येत नाही. घट्ट ब्रा घातल्यामुळे हे होतं. गरोदरपणात सातव्या महिन्यापासून रोज तेल लावून ते ओढत राहावं. सक्शन कपने (निपल ओढून धरणाऱ्या छोट्या वाटीने) ते पंधरा दिवसांत कायमचं बाहेर येतं. नाहीच आलं तर लग्नाआधी छोटं ऑपरेशन करून घ्यावं, दुधावर काही परिणाम होत नाही. आणि वय वाढल्यावर निपल आत गेलं तर ते वयाचंच लक्षण, दुखत नसेल तर दुर्लक्ष करावं. खाली ठळक अक्षरांत: ‘फक्त महिलांच्या ग्रुपवर टाका.’

यातला ‘दुर्लक्ष करावं’ हा सल्ला सर्वांत घातक आहे, म्हणून क्रम मोडून तिथूनच सुरुवात करते.

‘वयामुळे आत जातं, दुखत नसेल तर सोडून द्या’

जन्मापासून किंवा वयात आल्यापासून आत असलेलं निपल ही बहुतेक वेळा नुसती शरीराची ठेवण असते. आयुष्यभर बाहेर असलेलं निपल गेल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आत ओढलं गेलं, तर ती वेगळीच गोष्ट. विशेषतः ते एकाच बाजूला असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. स्तनाच्या कर्करोगात गाठीभोवतीचे तंतू आकसतात आणि निपलला आतून खेचतात. त्या वेळी दुखतंच असं नाही, उलट अनेकदा दुखत नाहीच. त्यामुळे ‘दुखत नाही’ हा दिलासा इथे कामाचा नाही.

प्रत्येक वेळी कर्करोगच निघतो असंही नाही. पाळी जाण्याच्या सुमारास दूधनळ्या रुंदावतात, तेव्हा निपल मध्ये चीर पडल्यासारखं आडवं आत जाऊ शकतं. धूम्रपान करणाऱ्यांत नळ्यांभोवती पुन्हापुन्हा सूज येऊन तेच होतं. जुनं गळू, आधीची शस्त्रक्रिया, स्तनाचा क्षयरोग, अशीही कारणं असतात. पण यातलं कोणतं, हे आरशात बघून ठरत नाही. डॉक्टर हाताने तपासतात, वयानुसार मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) किंवा सोनोग्राफी करतात आणि संशय आला तर सुईने तुकडा घेऊन तपासायला पाठवतात. सोबत गाठ असेल, निपलमधून आपोआप रक्ताळ पाणी येत असेल, त्वचेला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडले असतील किंवा निपलवर न बरी होणारी खपली धरली असेल, तर त्याच आठवड्यात दाखवावं.

ज्यांचं निपल पहिल्यापासूनच आत आहे त्यांनीही आपलं नेहमीचं रूप ओळखून ठेवावं. थंडीने किंवा स्पर्शाने आधी बाहेर येणारं निपल आता येईनासं झालं, तर तोही बदलच आहे.

‘घट्ट ब्रामुळे होतं’

नाही. गर्भात प्रत्येकाच्याच स्तनाच्या जागी आधी खळगा असतो. जन्माच्या आसपास त्याखालचे ऊतक वाढतात आणि मधला भाग वर ढकलला जातो. काहींमध्ये हे पुरतं घडत नाही. खालचा आधार कमी पडतो, दूधनळ्या आखूड राहतात आणि तंतूंचे पट्टे निपलला आत धरून ठेवतात. ब्राचा याच्याशी संबंध नाही.

‘अंगावर पाजता येत नाही’

हे वाक्य ऐकून कितीतरी जणी पहिल्याच दिवशी हार मानून डब्याच्या दुधाकडे वळतात, म्हणून यावर जरा सविस्तर.

बाळ निपल चोखत नाही, स्तन चोखतं. नीट पकड घेतलेल्या बाळाच्या तोंडात निपलसोबत भोवतीच्या गडद भागाचाही मोठा हिस्सा असतो. त्या सगळ्याला ताणून बाळ स्वतःच त्याची लांबट चोखणी करून घेतं. त्यामुळे निपल बाहेर किती दिसतं यापेक्षा भोवतीची त्वचा किती ताणली जाते, याला जास्त महत्त्व.

हा ताण पाहायची साधी रीत आहे. गडद भागाच्या कडेला अंगठा आणि तर्जनी ठेवून हलकेच दाबायचं. काहींचं निपल लगेच बाहेर येऊन टिकतं. काहींचं येतं, पण बोट सोडताच परत जातं. काहींचं मात्र दाबलं की आणखी आत शिरतं. डॉक्टर ज्या तीन श्रेणी सांगतात त्या ढोबळमानाने याच. पहिल्या श्रेणीत पाजायला सहसा अडचण येत नाही, दुसरीत मदत लागू शकते आणि तिसरी खरोखर अवघड असते. तरी ही परीक्षा म्हणजे निकाल नव्हे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत त्वचा आपसूक जास्त लवचीक होते. आठव्या महिन्यात निराश झालेल्या बाईचं बाळ दुसऱ्या आठवड्यात मजेत पीत असतं, हे अगदी शक्य आहे.

कस लागतो तो पहिल्या चार-पाच दिवसांत. जन्मल्याबरोबर बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवावं आणि चीक येतोय तेव्हाच स्तन मऊ असताना पकड शिकू द्यावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून आलं की गडद भाग तंग होऊन सपाट पडतो आणि बाळाचं तोंड घसरतं. तेव्हा थोडं दूध हाताने पिळून काढावं, किंवा निपलभोवती बोटांची टोकं ठेवून मिनिटभर छातीच्या दिशेने सावकाश दाबून धरावं, म्हणजे तो भाग मऊ पडतो. बाळाचं अंग आपल्या काखेखाली घेऊन पाजून पाहावं. तरीही नाही जमलं तर काढलेलं दूध वाटीने पाजत राहावं. यात बाळ उपाशी राहत नाही आणि बाटलीची सवयही लागत नाही. सिलिकॉनचं निपल शील्ड, म्हणजे निपलवर बसवायचं पातळ आवरण, काहींना तारून नेतं, पण ते वापरताना बाळाचं वजन वाढतंय ना, यावर लक्ष हवं.

पाजण्याआधी निपल बाहेर काढायचा सिरिंजचा उपायही इथलाच. दहा किंवा वीस मिलीची नवी सिरिंज घ्यायची, सुई बसते ते टोक कापायचं आणि दट्ट्या काढून त्या कापलेल्या बाजूने आत घालायचा. त्यामुळे मूळची गुळगुळीत कड छातीवर टेकते. निपल मध्ये धरून दट्ट्या हलकेच मागे ओढायचा, अर्धा ते एक मिनिट थांबायचं, मग दट्ट्या पुढे ढकलून हवा सोडायची आणि लगेच बाळाला लावायचं. दुखायला लागेपर्यंत ओढायचं नाही. हे आईने स्वतः करावं. दुसऱ्याच्या हाताला तिच्या दुखण्याचा अंदाज येत नाही.

‘सातव्या महिन्यापासून तेल लावून ओढा’

हा सल्ला जुना आहे. 1953 मध्ये हॉफमन नावाच्या डॉक्टरांनी निपलच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून ताण देण्याचे व्यायाम सुचवले आणि पुढे ते सर्रास शिकवले गेले. ते खरोखर उपयोगी पडतात का, हे मात्र फार उशिरा तपासलं गेलं. 1992 मध्ये 96 गरोदर स्त्रियांवर आणि 1994 मध्ये 463 स्त्रियांवर झालेल्या चाचण्यांत या व्यायामांनी किंवा ब्राच्या आत घालायच्या प्लास्टिकच्या वाट्यांनी पाजण्यात फायदा झालेला दिसला नाही. पहिल्या चाचणीत तर वाट्या वापरणाऱ्यांपैकी कमी जणींचं स्तनपान सहा आठवड्यांपर्यंत टिकलं. माझ्या मते याहून मोठं नुकसान मनाचं आहे. दोन महिने रोज ओढूनही फरक पडला नाही की बाई बाळ जन्मायच्या आधीच स्वतःला नापास ठरवते. शिवाय निपलला सतत चेतवल्याने ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवतं आणि गर्भाशय आकुंचन पावू शकतं. अकाली प्रसूतीचा धोका सांगितला असेल तर हा उद्योग करूच नये.

‘सक्शन कपने पंधरा दिवसांत कायमचं’

‘कायमचं’ आणि ‘पंधरा दिवस’ हे दोन्ही शब्द विक्रेत्याचे. सतत हलका ताण दिल्याने आखूड नळ्या हळूहळू सैल होऊ शकतात आणि सौम्य प्रकारात त्याचा उपयोगही होतो. पण त्याला चिकाटी लागते आणि वापर थांबवल्यावर निपल परत आत जाऊ शकतं. जोरात ओढलं तर रक्ताळलेले फोड येतात. नव्याने आत गेलेल्या निपलवर तपासणीआधी असलं काही लावूच नये.

‘छोटं ऑपरेशन, दुधावर परिणाम नाही’

ऑपरेशन आहे, बहुधा जागा बधिर करून होतं आणि छोटंही आहे. दिसण्याचा त्रास होतो म्हणून करून घेण्यात गैर काही नाही. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. खोटा आहे तो उत्तरार्ध. एका पद्धतीत नळ्या शाबूत ठेवून फक्त तंतूंचे पट्टे सोडवतात आणि टाके घालून आधार देतात. दुसरीत नळ्या कापतात. तिसऱ्या श्रेणीत नळ्या आणि पट्टे इतके एकमेकांत गुंतलेले असतात की काही नळ्या कापल्याशिवाय निपल सुटतच नाही. नळी कापली की त्या भागातलं दूध बाहेर यायला वाट उरत नाही. नळ्या वाचवल्या तरी पुढे पाजता येईलच, अशी हमी नसते. संवेदना कमी होणं आणि निपल पुन्हा आत जाणं, हेही संभवतं.

म्हणून मूल हवं असेल तर ‘लग्नाआधीच’ हा सल्ला उलटा आहे. बाळंतपणं आणि पाजणं आटोपल्यावर विचार करणं जास्त शहाणपणाचं. आधीच करायचं असेल तर सर्जनला तीन गोष्टी विचाराव्यात: माझी श्रेणी कोणती, नळ्या कापाव्या लागतील का, आणि पुन्हा आत गेलं तर पुढे काय.

‘फक्त महिलांच्या ग्रुपवर टाका’

पुरुषांचंही निपल जन्मतः आत असू शकतं, आणि पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो, जरी तो क्वचित असला तरी. त्यांच्या छातीत स्तनाचे ऊतक थोडेच असल्याने छोटी गाठही निपलला लवकर खेचते. ‘हा बायकांचा आजार’ या समजुतीपायी पुरुष महिनोन्‌महिने कुणाला सांगत नाहीत. घरातल्या एखाद्या पुरुषाच्या छातीवर एका बाजूचं निपल नव्याने आत गेलेलं दिसलं किंवा त्यामागे कडक गाठ लागली, तर त्यालाही सर्जनकडे तितक्याच तातडीने पाठवायचं.