बँकॉक करून या

बँकॉक बघायचं नसतं, करायचं असतं. अष्टविनायक करतो, युरोप करतो, तसंच. एवढं नीट समजलं की पाच रात्री-सहा दिवसांत काहीही न बघता परत येणं कुणालाही जमतं. आम्हाला जमलं.

सुरुवात बॅगेपासून करा. अर्धी बॅग भडंग, बाकरवडी आणि ठेपल्यांना द्या. परदेशात आपल्याला खायला काही मिळत नाही, हे घरूनच ठरवून निघालेलं बरं. तिथे पोचल्यावर उगीच शंका येऊ लागते. चायनाटाउनमध्ये एखाद्या गाडीवर पिवळी पताका दिसेल, तिच्यावर लाल अक्षर. त्याचा उच्चार ‘जे’. म्हणजे मांस, मासे, अंडं नाहीच, वर कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासाच्या वरताण. तिकडे ढुंकूनही पाहू नका. टूरवाल्यांनी पनीर बटर मसाल्याचा बुफे ठरवलेला असतो आणि तिथे पोचायला दीड तास लागतो.

दीड तास अर्थातच बसने, तोही संध्याकाळी सहा वाजता, सुखुमवित रस्त्यावरून. तुमच्या डोक्यावरून दर थोड्या मिनिटांनी स्कायट्रेन जाईल. 1999 पासून जाते आहे. तिच्यात बसलेले लोक आता घरी पोचून जेवत असतील, असा विचार मनात येऊ देऊ नका. अंताक्षरी सुरू करा.

आता राजवाडा. भिंतीपाशी इस्त्रीच्या शर्टातला एक सज्जन भेटेल. ‘आज पॅलेस बंद आहे,’ तो हळहळून सांगेल. अनोळखी माणसांचं ऐकू नका, अशा सूचना तिथे दिलेल्या असतात, पण त्या दुसऱ्यांसाठी. त्याने बोलावलेल्या टुकटुकमध्ये बसा. 20 थाई बाटांत अख्खं शहर दाखवतो म्हणेल आणि रत्नांच्या दुकानात नेईल. पुण्यात रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून चौकभर भांडणारे आमचे एक काका तिथून नीलम घेऊन बाहेर आले. साडेसाती चालू आहे म्हणाले. नीलम कुणाला लाभतो, कुणाला नाही. हा दुकानदाराला लाभला.

राजवाडा बंद नव्हताच हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागतं. बर्म्युडा घालून जा. गुडघे झाकल्याशिवाय आत सोडत नाहीत, त्यामुळे दारासमोरच हत्ती छापलेली ढगळ विजार विकत घेण्याचा आनंद मिळतो. 500 बाटांचं तिकीट हातात पडलं की तिथेच उभं राहून मोठ्याने रुपयांत हिशोब करा. आत पाचूचा बुद्ध आहे. मूर्ती जेमतेम 66 सेंटिमीटरची, पाचूची नव्हे, हिरव्या जेडची, आणि उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिचे तीन पोशाख खुद्द राजा बदलतो. आपल्याकडे विठोबाला थंडीत उबदार कपडे घालतात, त्याच मायेतलं हे प्रकरण. पण आत फोटो काढू देत नाहीत. मग थांबायचं कशाला?

बाहेरच्या ओवरीत मात्र सांभाळून. तिथे 178 भित्तिचित्रांत त्यांचं रामकियन, म्हणजे थाई रामायण, रंगवलं आहे. पहिल्या चित्रापाशीच ‘हे सगळं आपलंच!’ असं जाहीर करून टाका. याचा फायदा असा, की आपलंच असलेलं पुन्हा बघावं लागत नाही. चुकून पुढे गेलात तर पंचाईत आहे. यांचा पांढराशुभ्र हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रावणाची मुलगी सुवर्णमत्स्या, अर्धी स्त्री, अर्धी मासोळी, दगड पळवायला येते आणि हा तिच्या प्रेमात पडतो. त्यांना मुलगा होतो. आपणही मकरध्वज सांगतो, पण आपण मधे घामाचा थेंब घालून प्रकरण मिटवलं आहे. यांनी काहीच मिटवलेलं नाही. आमच्या गटात दर शनिवारी मारुतीला तेल वाहणारे दोघं होते. त्यांना गाइडने हे सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात मीच ‘पाणी कुठे मिळेल?’ विचारून वेळ मारून नेली.

नदीपलीकडच्या ‘वाट अरुण’ या देवळात बोटीने जाऊ नका. धक्क्यावरून चिल्लर पैशांत नाव पलीकडे सोडते, मग दिवस लवकर संपेल. लुम्फिनी पार्कही टाळा. तिथे तळ्याकाठी माणसाएवढ्या घोरपडी निवांत फिरतात. पोरांना तानाजीची गोष्ट सांगायला याहून चांगली जागा नसेल, पण तिथे खरेदीची सोय नाही. त्यापेक्षा प्रातुनामच्या बाजारात चला. तीनशेची बॅग ऐंशीला मागा आणि दुकानदार हसला की दुखावल्यासारखं करून निघा. तो हाक मारतो. आम्हाला मारली नाही, तो भाग वेगळा.

परतताना सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प लागतं. मध्ये मंदार पर्वत, त्याच्यावर विष्णू, खाली कूर्म, दोन्ही बाजूंना वासुकीला ओढणारे. त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. आमच्या फोटोत अकरा माणसं आली आहेत, दोन ट्रॉल्या आल्या आहेत, न फोडलेलं भडंगाचं पाकीट आलं आहे आणि काकांच्या खांद्यामागून कुणाचा तरी ताणलेला हात दिसतो. हात देवाचा की असुराचा, यावर ग्रुपवर अजून वाद चालू आहे.