चौऱ्याहत्तर!

गेल्या मंगळवारी अनिवा बेटाच्या (पॅसिफिकमधल्या व्हानुआतू देशातलं हे बेट) विमानतळावर माझं वजन झालं. झालं कसलं, जाहीर झालं.

विमानतळ म्हणजे गवताची एक लांब पट्टी, कडेला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये तो काटा. एरवी त्याच्यावर सुक्या खोबऱ्याची पोती चढतात, विमानाच्या दिवशी आम्ही चढतो. धाकटीची दाढ ठणकत होती आणि हॉस्पिटल शेजारच्या टान्ना बेटावर, लेनाकेलला. विमान आलं तर पाव तासाचा प्रवास. हे एवढंच निमित्त.

वजन का करतात ते मला माहीत आहे. कुणी समजावू नये. (समजावलं. आमच्या ह्यांनी. रांगेत, माझा नंबर येत असताना.) छोटं ट्विन ऑटर विमान, जेमतेम १९ जागा, धावपट्टी आखूड. त्यामुळे पायलटला एकूण वजन किती आणि त्यातलं पुढे किती, मागे किती, हे सगळं लागतं. सामोआत एका विमान कंपनीने तर २०१३ साली तिकिटाचा दरच किलोवर लावला होता. शास्त्राबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आवाजाबद्दल आहे. काट्यावरचा माणूस आकडा वाचतो शेडमध्ये, आणि तो वहीत लिहून घेणारा बसतो वीस पावलांवर वडाखाली. का? तिथे सावली आहे म्हणून. मग आकडा ओरडावाच लागतो.

"मिसी, फिफ्टी-एट!" हे आमचे हे. इथे मिशनरीला मिसी म्हणतात आणि त्याच्या बायकोला मिसिस.

"मिसिस, सेवेन्टी-फो!"

वडाखालून उत्तर आलं, "हाऊमास?" म्हणजे किती? वास्तविक त्याला ऐकू गेलं होतं. वडावरच्या पाखरांनाही ऐकू गेलं होतं. तरी पुन्हा एकदा, सावकाश, "सेवेन्टी... फो."

इथवर मी सहन केलं असतं. पण वडाखाली संत्र्यांच्या खोक्यावर एक ओल्फाला बसले होते. ओल्फाला म्हणजे म्हातारबुवा; इथल्या बिस्लामा भाषेत हा मानाचा शब्द आहे आणि मीही तो मानानेच वापरते, निदान मंगळवारपर्यंत वापरत होते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, चेहरा उजळला, आणि ते म्हणाले,

"फाटफाट!"

माझ्या मराठी कानाला आधी वाटलं, ड्रेस कुठेतरी उसवला. मी मागे हात नेऊन चाचपलासुद्धा. पण फाटफाट म्हणजे लठ्ठ. ओल्फालांच्या शेजारी त्यांचे एक मित्र होते, त्यांना कमी ऐकू येतं. त्यांच्यासाठी सगळं पुन्हा, चढ्या आवाजात झालं. मग त्या मित्रांनी मान डोलावत विचारलं, "आणि मिसी?" अठ्ठावन्न. दोघांनी हिशोब केला. बोटांवर. सोळाचा फरक! "सोळा म्हणजे," ओल्फाला म्हणाले, "एक पिल्लू."

"आई, डुकराचं पिल्लू म्हणतायत ते," धाकटी म्हणाली. तिची दाढ आता अजिबात दुखत नव्हती.

"कळलं मला."

"त्यांच्याकडे आहे एक. तेवढंच. ते म्हणतायत, छान आहे."

न्यायाने सांगायचं तर यात कुचेष्टा नव्हती. व्हानुआतूच्या झेंड्यावर डुकराचा वळलेला सुळा आहे. लग्न असो, समेट असो, डुकराशिवाय इथलं पान हलत नाही. ज्याची तुलना डुकराशी होते त्याने खरं तर आभार मानावेत. आणि जाड असणं म्हणजे घरात सुबत्ता, नवरा कर्तबगार. म्हणजे बघा, चौऱ्याहत्तर किलो मी वागवायचे आणि श्रेय अठ्ठावन्नवाल्याला! ह्यांनी ते हसून स्वीकारलंसुद्धा. "तांक्यू तुमास" म्हणाले.

शिवाय माझ्या अंगात आयलंड ड्रेस होता. फुग्यांच्या बाह्या, लेस, दोन्ही कडांना उडणारे पंख, आणि आत अजून एक बाई मावेल एवढा घेर. ही मूळ कल्पना मिशनऱ्यांच्या बायकांची. बेटावरच्या बायकांचं अंग झाकावं म्हणून त्यांनी हे शिवायला शिकवलं. अंग झाकतंच, पण बाई दुप्पट दिसते. पूर्वजांचं पाप मुलाबाळांवर येतं असं पवित्र शास्त्रात आहे. ते असं शिलाईतून येईल हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

आता पूर्वजांचा विषय निघालाच आहे तर सांगते. या बेटावर येणाऱ्या प्रत्येक मिशनऱ्याचं खरं वजन काट्यावर होत नाही. जॉन पेटन या जुन्या स्कॉटिश मिशनऱ्याशी होतं. पेटन १८५८ मध्ये टान्नाला आले, वर्षाच्या आत बायको आणि तान्हं मूल गमावलं, १८६२ मध्ये जीव वाचवून निघाले आणि १८६६ मध्ये अनिवाला आले. हे बेट सपाट, प्रवाळाचं. ओढा नाही, झरा नाही. त्यांनी विहीर खणायला घेतली. लोक म्हणाले, पाऊस वरून पडतो, खालून नाही, मिसीला वेड लागलंय. त्यांनी मासे धरायचे गळ मजुरी म्हणून वाटले आणि लोकांना कामाला लावलं. एकदा कडा ढासळला, पुन्हा खणली, तीस फुटांच्या खाली गोडं पाणी लागलं. तीन वर्षांत, १८६९ मध्ये, बेटावर ख्रिस्ती झालेल्यांचं पहिलं प्रभुभोजन. म्हणजे आम्ही इथे दीडशे वर्षं उशिरा आलो आहोत. संडे स्कूलच्या शिक्षकांना शिकवायला ह्यांना पाठवलंय. ते शिक्षक रविवारी आमच्या आधी चर्चमध्ये बसलेले असतात आणि चार सुरांत अशी गीतं म्हणतात की मी नुसते ओठ हलवते.

तर ओल्फाला मला दर भेटीत विचारतात, "तुझा मिसी चांगला आहे. पण त्याने खणलं काय?"

मंगळवारीही विचारलं. मी म्हटलं, कमोडच्या टाकीचा खड्डा. त्यांनी त्यावर जरा विचार केला. "पाणी लागलं?"

एवढ्यात वहीवाल्याने बेरीज केली. अकरा किलो जास्त. विमान दिसायला लागलं होतं आणि सगळी रांग हळूहळू, भल्या माणसांसारखी, माझ्याकडे बघायला लागली.

ओल्फालांनी सूत्रं हातात घेतली. त्यांच्या दोन खोक्यांत संत्री होती, लेनाकेलला नातीकडे पाठवायची. अनिवाची संत्री नावाजलेली आहेत, मला मान्य आहे. वहीवाल्याने खोक्यांकडे बोट दाखवलं. ओल्फाला उठले, खोक्याच्या आणि बोटाच्या मध्ये उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "संत्री सडतात. मिसिस सडत नाही."

यावर काय बोलणार? मी अजून उत्तर शोधते आहे. रांगेतल्या एका बाईने माझी बाजू घेतली, पोरीबरोबर आई हवी. ओल्फाला म्हणाले, मिसी आहे की. बाई म्हणाली, मिसीला पोरीची वेणी घालता येते का? सगळे हसले. हेही हसले. मग हे म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

मी डोळे मिटले नाहीत. मी ह्यांच्या पुस्तकांच्या खोक्याकडे बघत होते. त्यावर खडूने लिहिलं होतं, १४. त्या खोक्याला कुणी बोट दाखवलं नाही, कारण ते काम. माझी बॅग अकरा किलोची भरली. आमेन म्हणेपर्यंत ती शेडमध्ये परत गेली होती, तीत माझे कपडे आणि आईने पाठवलेला काळा मसाला. ओल्फालांनी मला बॅगेबद्दल दिलासा दिला. म्हणाले, मी लक्ष ठेवतो, तसंही आत खाण्यासारखं काही नसेल.

पायलटने मला पुढे बसवलं, तोल साधायला. पाव तास मी खाली समुद्र बघत चिडत होते.

मराठीत मंडळी म्हणजे चर्चचे लोक आणि मंडळी म्हणजे बायको. आम्हाला पाठवणाऱ्या संस्थेचा वार्षिक अहवालाचा फॉर्म आहे सहा पानी. त्यात पहिल्या मंडळीला चार पानं. दुसरीला एक चौकट: 'कुटुंब सोबत आहे: होय / नाही'. हे 'होय'वर बरोबरची खूण करतात. पावसाच्या टाकीचं पाणी उकळणारी होय. तीन पोरांना स्वयंपाकघरात अपूर्णांक शिकवणारी होय. रात्री दारात आलेल्या तापाच्या पोराला मांडीवर घेणारी होय. पेटन यांच्या विहिरीची गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही येते. त्यांची दुसरी बायको मार्गारेट इथल्या बायकांना वाचायला, शिवायला, टोप्या विणायला शिकवत होती, तिचं नाव मी विचारून पाहिलं. ओल्फाला म्हणाले, "मिसिस पेटन." पुढे? "मिसिस." तीन वर्षांत या बेटावर माझ्या नावापुढे कुणी एखादा आकडा लिहिला असेल तर तो चौऱ्याहत्तर. तोही वडाखाली, ओरडून.

दाढ काढली. चार दिवस तोच ड्रेस धुऊन घातला. शनिवारी परत निघताना टान्नाच्या विमानतळावर पुन्हा काटा, पण तिथला माणूस आकडा मनात वाचतो. देव त्याचं भलं करो. बहात्तर.

अनिवाला उतरले तर ओल्फाला वडाखाली हजर, माझ्या बॅगेवर बसलेले. मी जाताजाता, अगदी सहज, त्यांना म्हटलं, "सेवेन्टी-टू."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मित्राला सांगितलं. मित्राचाही पडला. टान्नावाले जेवायला घालत नाहीत हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं, पण एवढं वाईट? संध्याकाळी आमच्या दारात दोन सुरण, केळ्यांचा घड आणि डझनभर संत्री येऊन पडली.

काल रविवारी उपासनेत विनंतीच्या प्रार्थनांची वेळ झाली. एक आजारी आजी, एक होडी घेऊन गेलेला मुलगा, आणि मग ओल्फाला उभे राहिले. मिसिसचे दोन किलो गेले आहेत, प्रभूने ते परत द्यावेत. सबंध मंडळीने डोके लववले. आमेन सगळ्यात मोठ्याने कोण म्हणालं ते मी लिहीत नाही, आज रात्री त्यांना सुरणाची भाजी वाढायची आहे.