कुत्र्याची बाजू

परवा वर्गात माझ्या कथेची पाळी होती. सर्जनशील लेखनाच्या एम.एफ.ए. या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नियम असा, की ज्याची कथा त्याने चकार शब्द काढायचा नाही. बाकीचे बोलणार, आपण मान खाली घालून टिपून घ्यायचं. आपलंच पोस्टमॉर्टेम, तेही शुद्धीवर असताना.

कथा एका म्हाताऱ्या वडिलांची. ते घर विकायला काढतात, मुलगी अडवते. चौथ्या पानावर एक कुत्रा रस्ता ओलांडतो. एका वाक्यात येतो, त्याच वाक्यात जातो.

"मला कथा प्रचंड आवडली," आमचे एक सहाध्यायी म्हणाले. (ज्याला आवडलेली नसते तो असंच सुरू करतो.) "पण कुत्र्यावर अन्याय झालाय."

मी पेन घट्ट धरलं.

"तो आला कुठून? रस्ता का ओलांडला? पलीकडे काय होतं?"

"आई असेल," कोपऱ्यातून कुणीतरी.

"एक्झॅक्टली! म्हणजे ही विस्थापनाची कथा आहे. मग म्हातारा हवाय कशाला?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला आणि "इंटरेस्टिंग" म्हणाले. झालं! उरलेला सगळा वेळ कुत्र्याचं बालपण. एकीचं म्हणणं, ती कुत्रीच असायला हवी होती. वडिलांचे संवाद मी रात्री जागून घासले होते, त्यावर कुणी ब्र काढला नाही.

लेखकाला गप्प बसवायची ही रीत अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या लेखन कार्यशाळेतून जगभर गेली. ती १९३६ पासून चालू आहे. इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० साली असा अभ्यासक्रम काढला, तेव्हा पहिला विद्यार्थी इयन मॅकएवन. त्या वर्षी एकटाच! पुढे त्याला बुकर मिळालं. लोक श्रेय तो अभ्यासक्रम काढणाऱ्या माल्कम ब्रॅडबरींना देतात. वर्गात दुसरं कुणी नव्हतं, हे कुणी लक्षातच घेत नाही.

"लेखिकेला काही विचारायचंय?" हा प्रश्न आला तेव्हा बॅगांच्या चेनी लागत होत्या. लेखी अभिप्राय किमान एक पान द्यायचा असतो. कुत्र्याची बाजू घेणाऱ्या त्या सहाध्यायींच्या कागदावर एकच शब्द: "कुत्रा!!" यांच्या कादंबरीच्या प्रकरणावर मी पानंच्या पानं लिहिली होती, स्वल्पविराम दुरुस्त करून.

पुढच्या सत्रापासून पहिल्या वर्षाच्या मुलांना कथालेखन हेच सहाध्यायी शिकवणार आहेत. त्या बदल्यात यांची फी माफ. माझी भरायची शेवटची तारीख शुक्रवार.