हिची आई कुठंय?

परवा एका अनोळखी काकांनी माझी नोकरी गेल्याचं भर रांगेत जाहीर करून टाकलं. नोकरी शाबूत आहे. पण बुधवार होता, सकाळचे अकरा वाजले होते, माझ्या कडेवर सव्वादोन वर्षांची मुलगी होती आणि तिची आई आसपास दिसत नव्हती. काकांना एवढा पुरावा पुरला.

मुलीचं आधार काढायचं होतं. प्लेग्रुपच्या फॉर्मात त्याचा रकाना आहे. जिला स्वतःची चड्डी वर ओढता येत नाही तिला बारा आकडी नंबर कशाला, असं मी फॉर्म देणाऱ्या बाईंना विचारलं होतं. ‘सगळेच देतात,’ असं उत्तर मिळालं. मग जन्मदाखला, माझं आधार, दोन्हींच्या झेरॉक्स, राजगिऱ्याचा लाडू, सिपर, जादा चड्ड्या आणि एक पाय तुटलेला प्लॅस्टिकचा झेब्रा एवढा लवाजमा घेऊन आम्ही डोंबिवली पूर्वेच्या एका केंद्रात जाऊन बसलो. झेब्र्याशिवाय कन्या उंबरा ओलांडत नाही.

शेजारच्या खुर्चीत काका होते. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, मांडीवर बटणाची प्लॅस्टिक फाइल. आधारला जोडलेला मोबाईल नंबर बदलायला आले होते, पण फाइलमध्ये रेशनकार्डापासून घरपट्टीपर्यंत सगळं होतं. ‘असू द्यावं जवळ’ या पिढीचे.

“हिची आई कुठंय?” पहिला प्रश्न. नाव नाही, वय नाही.

“ऑफिसला गेलीय.”

“आणि तुम्ही?”

“मी आज घरून काम करतोय.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, झेब्र्याकडे पाहिलं, आणि पलीकडच्या गृहस्थांकडे झुकून, सगळ्या खोलीला नीट ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाले, “आयटीवाल्यांचं वाईट चाललंय सध्या. कालपर्यंत लाखांत पगार, आज हे.” ‘हे’ म्हणताना त्यांचा हात माझ्या खांद्यावरच्या नॅपकिनपासून झेब्र्यापर्यंत फिरला.

“मी आयटीत नाही. औषध कंपनीत अकाउंट्स बघतो.”

“अरेरे,” काका म्हणाले. “औषधांचं पण?”

समोरच्या बाईंना राहवलं नाही. “काय हो काका! उलट किती छान सांभाळतात बघा बाबा.” बाईंच्या स्वतःच्या एका मांडीवर नातू झोपला होता, दुसरीवर पिशवी होती, आणि उरलेल्या हातानं त्या फॉर्म भरत होत्या. त्यांना कोणी छान म्हणालं नव्हतं.

खरं सांगायचं तर हे कौतुक मला काकांच्या दयेपेक्षा जास्त टोचतं. बायको हिला लसीला घेऊन जायची तेव्हा ‘वा’ कोणी म्हणालं नाही. टोपी का नाही घातली, एवढं मात्र तीन मजल्यांवर थांबून विचारलं गेलं. मी पोर नुसती कडेवर घेतली की लोक आरतीचं तबक आणायला धावतात. आणि ओवाळून झालं की मूळपदावर येतात: आई कुठंय? बागेत, दवाखान्यात, वाण्याकडे, सगळीकडे. एका मॉलमध्ये डायपर बदलायची फळी फक्त बायकांच्या टॉयलेटात होती. मी तो विधी पार्किंगमध्ये, मागच्या सीटवर, वॉचमनच्या देखरेखीखाली उरकला. सोसायटीतल्या लहान मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त आया आहेत. संध्याकाळी पोरीला खाली मी नेतो, पण झोपाळा दुरुस्तीला काढलाय हा निरोप मला अंधेरीत मीटिंगला बसलेल्या बायकोकडून येतो, तोही रडारड होऊन गेल्यावर. ग्रुपमध्ये घ्या म्हटलं तर ‘बायकांना मोकळेपणानं बोलता येणार नाही,’ असं कळलं. झोपाळ्याबद्दल इतकं मोकळेपणानं काय बोलायचं असतं कोण जाणे.

असो. काका तोवर सामान्यज्ञानावर आले होते. “देशातलं पहिलं आधार कुठं निघालं, माहितीय? आपल्या नंदुरबार जिल्ह्यात. टेंभली. 29 सप्टेंबर 2010. रंजना सोनवणे नावाच्या बाई. पंतप्रधान स्वतः आले होते! आणि आपण इथं टोकन घेऊन बसलोय.” जणू मनमोहन सिंगांनी यायचं कबूल करून त्यांना ऐन वेळी टांग दिली होती.

आमचा नंबर लागला. टेबलापलीकडची मुलगी भराभर टाइप करत होती आणि नाव-पत्ता तपासायला आमच्या बाजूला वळवलेल्या दुसऱ्या स्क्रीनवर अक्षरं उमटत होती. नियम असा की पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, डोळे घेत नाहीत. फक्त फोटो, आणि आई किंवा वडिलांच्या आधारशी जोडणी. म्हणून ते निळं कार्ड. ठसे पाचव्या वर्षी द्यायचे, मग पुन्हा पंधराव्या. हे सगळं कन्येला मान्य नव्हतं. ठशांच्या यंत्राची काच हिरवी उजळते हे तिनं हेरलं होतं आणि तिला त्यावर दोन्ही हात, शक्यतो लाडवासकट, ठेवायचे होते. नाही म्हटल्यावर तिनं भोकाड पसरलं.

मग फोटो. आता ही घरी मोबाईल समोर धरला की आपण होऊन मान तिरकी करून हसते. इथं कॅमेऱ्याकडे ढुंकूनही बघेना. ऑपरेटरनं चुटक्या वाजवल्या, मी झेब्रा नाचवला, व्यर्थ. ती सारखी डावीकडे बघत होती आणि कॉम्प्युटरला चेहरा समोरून हवा होता. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं: डावीकडच्या स्क्रीनवर ती स्वतः दिसत होती. तिच्या हिशेबी ज्यात आपण दिसतो तो कॅमेरा. स्टँडवरच्या काळ्या ठोकळ्यात कोणीच दिसत नाही, मग त्याच्याकडे बघून कशाला हसायचं? जन्मल्यापासून सगळे फोटो तिनं असेच काढून घेतलेत. मला हे इतकं पटलं की मी ऑपरेटरला समजावायला लागलो. “सर, ते ठीक आहे,” ती म्हणाली, “पण मागं लाइन आहे.”

“सरका,” काका म्हणाले.

ते उठून कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभे राहिले. आधी काऊ झाला, मग मांजर, मग शिट्टी. कन्या स्क्रीनवर स्वतःला न्याहाळत होती. काकांनी फाइल टेबलावर ठेवली, दोन बोटं तोंडात घातली आणि वरची कवळी काढून कॅमेऱ्याच्या डोक्यावर धरली.

कन्येचं रडं, श्वास, सगळं जागच्या जागी थांबलं. डोळे विस्फारलेले, मान सरळ, नजर थेट. “झाला!” ऑपरेटर ओरडली. रांगेत टाळ्या पडल्या. काकांनी त्या झुकून स्वीकारल्या, पण दात अजून हातातच असल्यामुळे त्यांचे दोन शब्द कोणाला कळले नाहीत.

“आता तुमचं बोट ठेवा, सर.”

ठेवलं. नाही उमटलं. दुसरं, तिसरं, अंगठा. “पुसून ठेवा.” “जोरात दाबा.” “कपाळावर घासा.” मी भर खोलीत कपाळावर बोटं घासली. यंत्र मला ओळखायला तयार नव्हतं. जिचे ठसे नको होते ती हात पुढं करून रडत होती आणि ज्याचे हवे होते त्याच्याकडे ते नव्हते.

काका दात बसवून परतले होते. त्यांनी माझा हात हातात घेऊन उजेडात धरला. “लिक्विड,” निदान झालं. “भांड्याचं. आमच्या हिचे पण उमटत नाहीत. रेशनला किती त्रास! पण तुम्ही पुरुषमाणूस…” वाक्य त्यांनी सभ्यपणानं तिथंच सोडलं. खोलीतल्या प्रत्येकानं ते मनात पूर्ण केलं.

भांड्याचंच असणार. सिपर नावाच्या वस्तूला झाकण, स्ट्रॉ, स्ट्रॉच्या आत घुसणारी दुसरी स्ट्रॉ आणि एक रबरी चकती असते. त्या चकतीखाली दूध साचतं आणि ते कुठल्याही ब्रशला निघत नाही, नख आणि बोटच लागतं. हे रोज रात्री. पण रांगेपुढं चकतीची बाजू कशी मांडणार?

शेवटी डोळ्यांवर काम निभावलं. “मोठे उघडा, अजून मोठे,” ऑपरेटर म्हणत होती. “झोप नाही वाटतं,” काका म्हणाले. पावती मिळाली.

पुढचा नंबर काकांचाच. त्यांनी बाही सावरली, अंगठा टेकवला, आणि पहिल्याच फटक्यात यंत्र खूश. “एकदम क्लिअर आलाय, आजोबा!” काकांनी अंगठा उंचावून मला दाखवला. सत्तर वर्षांत एक वाटी विसळलेली नसावी. उमटणार नाही तर काय.

कन्या घरी येईपर्यंत “आजोबा, दात” करत होती. रिक्षावाल्याकडे, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांकडे, सगळ्यांकडे तिनं दात मागितले. संध्याकाळी बायकोनं पावती हातात घेतली आणि बराच वेळ फोटोकडे बघत राहिली.

“भूत बघितल्यासारखी का दिसतेय? आणि केस नाही विंचरलेस?”

मी सगळी हकिकत सांगितली. कवळी, कपाळ, लिक्विड, सगळं. ती पोट धरधरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, “ठशांसाठी पाच वर्षांची झाली की परत न्यायचंय ना? तूच ने. तुझी आता तिथं ओळख झालीय.”