हेड उतरवण्याआधी ऑइल कूलर का तपासायचा : एका गॅरेजवाल्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात) तेल येण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही खरमरीत प्रतिक्रिया दिलीत, ती मी नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कूलंटच्या टाकीत तेल-पाण्याचं दही झालं की हेड गॅसकेट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) गेली हे कुठलाही जुना मिस्त्री सांगेल, मी उगाच लोकांना 'आधी ऑइल कूलर (कूलंटने इंजिनाचं तेल थंड करणारा भाग) बघा' असं सांगून गॅरेजवाल्यांवरचा विश्वास उडवतोय, आणि धुण्याच्या पावडरीने सिस्टिम साफ करू नका हा माझा सल्लाही चुकीचा, कारण तुम्ही वर्षानुवर्षं तेच करता. तुमचा हात या कामात बसलेला आहे, म्हणून मोघम उत्तर देणार नाही.

दाबापासून सुरुवात करतो. गाडी धावत असताना तेलाचा दाब साधारण ३ ते ५ बार असतो. कूलंटचा दाब १ बारच्या आसपास, बहुतेक झाकणांवर तो आकडा छापलेलाच असतो. म्हणजे इंजिन चालू असताना दोघांमधली भिंत फुटली तर तेल पाण्यात घुसणार. चावी बंद केली की तेलाचा दाब लगेच उतरतो, पण गरम कूलंट बराच वेळ दाबाखाली राहतं, तेव्हा पाणी तेलाकडे सरकू शकतं. कुठलं द्रव कुठे गेलं, हे बघितल्याशिवाय पान्याला हात लावू नये असं मी म्हणतो ते यासाठी.

आता हेडकडे बघा. बहुतेक लहान इंजिनांत ब्लॉकमधून हेडमध्ये दाबाखालचं तेल चढतं ते एखाद्या बारीक वाटेने. बाकीची जी मोठी भोकं दिसतात ती परतीची, त्यांतून तेल आपल्या वजनाने खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) उतरतं, त्याला दाब नसतो. गॅसकेट परतीच्या भोकापाशी गेली तर पाणी तेलात जाईल आणि डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) पांढरट फेस दिसेल. टाकीत तेल यायचं तर गॅसकेट नेमकी त्या बारीक वाटेपाशीच जायला हवी. तसं होतं, मी नाकारत नाही. पण ऑइल कूलरमधून दाबाखालचं तेल सतत फिरत असतं, आणि तेल व कूलंट यांच्यामध्ये असतो फक्त अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. त्यात आपल्याकडे रेडिएटरला सर्रास बोअरचं पाणी घालतात. क्षारांनी आणि संपलेल्या कूलंटने तो पत्रा आतून खाल्ला जातो. टाकीत दही, डिपस्टिक स्वच्छ आणि तापमानाचा काटा कधी अर्ध्याच्या वर गेलेला नाही, अशी गाडी समोर आली तर माझा पहिला संशय कूलरवर जातो, आणि तो जायलाच हवा.

कराडकडच्या एका ओळखीच्यांची डिझेल हॅचबॅक अशीच होती. टाकीत कॉफीच्या रंगाची दाट मलई, झाकणाच्या आतल्या बाजूलाही तीच. इंजिन ऑइल मात्र नितळ. एका ठिकाणी हेड उतरवायचं ठरलंही होतं. आम्ही ऑइल फिल्टरच्या हाउसिंगवरचा कूलर काढला, तेलाचं एक तोंड रबर लावून घट्ट बंद केलं, दुसऱ्या तोंडातून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा दिली आणि कूलर बादलीतल्या गरम पाण्यात बुडवला. गार पाण्यात काहीच दिसलं नव्हतं. गरम पाण्यात थोड्या वेळाने कूलंटच्या तोंडातून बारीक बुडबुड्यांची सरळ रेघ वर यायला लागली. मालक शेजारी उभे होते, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो म्हणता, दादा, तर त्याला ही बादली दाखवा.

तुमचा मुद्दा जिथे शंभर टक्के बरोबर आहे ते सांगतो. गाडी घाटात गरम झाली, काटा लाल रेघेला लागला आणि त्यानंतर तेल-पाणी एक झालं, तर हेड वाकल्याचा संशय आधी घ्यायचा. कूलंटची पातळी जरा खाली घेऊन टाकीच्या तोंडावर गॅस टेस्टरचं (कूलंटमधला जळालेला गॅस ओळखणाऱ्या नळीचं) निळं द्रव लावून बघा. जळालेला गॅस येत असेल तर पेट्रोल गाडीत ते पिवळं, डिझेलमध्ये हिरवट होतं. तेलकट कूलंट नळीत खेचलं जाऊ देऊ नका, चाचणी फुकट जाते. आणि द्रव निळंच राहिलं म्हणून हेड निर्दोष ठरलं असंही नाही, कारण गॅसकेट फक्त तेलाच्या वाटेपाशी गेली असेल तर गॅस येणारच नाही. पण अशा वेळीसुद्धा कूलर आधी काढून बघायला काय हरकत आहे? काही बोल्ट आणि दोन सील एवढंच ते काम. हेड उतरवणं म्हणजे टायमिंग (बेल्ट किंवा चेन) उघडणं, लेथवाल्याकडून हेड घासून सपाट करून घेणं, नवी गॅसकेट, आणि बऱ्याच इंजिनांत हेड बोल्टही नवेच. हे सगळं करून आठवड्याने टाकीत पुन्हा तेल दिसलं तर मालकाने कोणाकडे बघायचं?

दोन गोष्टी झटकन. वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र झाली तरी जेलीसारखा गाळ होतो, तो तेल समजू नका. थोडा गाळ गरम पाण्याच्या ग्लासात टाका, तेल असेल तर वर तवंग येतो. आणि टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये मलई गुलाबी दिसली तर गिअरबॉक्सच्या कूलरकडे वळा. एएमटीत (क्लच आणि गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीत) ही भानगड नाही, आत साधाच गिअरबॉक्स असतो.

पावडरीबद्दल मी ठाम आहे. कपड्याच्या पावडरीचा फेस पंपात अडकला की पाणी नीट फिरत नाही, आणि तो फेस हीटरच्या जाळीतून लवकर निघत नाही. कमी फेसाचं, रेडिएटरसाठीच बनवलेलं क्लीनर वापरा. धुताना थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढून भरा, शेवटचं पाणी डिस्टिल्ड. मग थर्मोस्टॅट परत बसवाच, कायमचा काढून टाकण्याची आपल्याकडची सवय इंजिनाला मारक आहे. हीटरमध्ये राहिलेलं थोडं तेल नंतरही काही दिवस टाकीत दिसतं. तेवढ्यावरून काम फसलं असं ठरवू नका. टाकी पुसून ठेवा आणि तवंग वाढतोय की कमी होतोय ते बघा.

होज पाइप मात्र दाबून बघा. तेल प्यायलेलं रबर फुगतं आणि बोटाखाली लिबलिबीत लागतं. असा एकही पाइप ठेवू नका, वरून कितीही चांगला दिसला तरी.