ऑक्सिजन मशीनचं बिल: काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही

घरात कोणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणाऱ्या मशीनवर) असलं की विजेचं बिल पाहून पहिला हात मशीनच्या नॉबकडे जातो. तो जाऊ देऊ नका. मिनिटाला पाच लिटर देणारं मशीन साधारण 350 वॅट खातं. फ्लो तीन लिटरवरून दोनवर आणला तरी कॉम्प्रेसर चालूच असतो. बिलात फारसा फरक पडत नाही, ऑक्सिजन मात्र कमी मिळतो.

24 तास चाललं तर रोज 8.4, महिन्याला 252 युनिट. महावितरणच्या घरगुती दरात पहिला टप्पा 100 युनिटांचा, पुढचा 300 पर्यंत, आणि त्याचा दर जवळपास दुप्पट. (वरचा दर 100 च्या वरच्या युनिटांनाच लागतो, अख्ख्या बिलाला नाही.) म्हणजे पंखा-फ्रिज न धरताच घर दुसऱ्या टप्प्यात. चैनीचा एसी आणि कुणाचा श्वास, टप्प्याला दोन्ही सारखेच. हा सरळ अन्याय आहे. दरप्रस्तावावर वीज नियामक आयोग हरकती मागवतो, तेव्हा हे आकड्यांसकट लिहून पाठवा.

आकडा आपल्याच मीटरवर काढता येतो. फ्रिज, इन्व्हर्टरसकट सगळं बंद करा, फक्त मशीन चालू ठेवा आणि मीटरचा लाल दिवा मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर 3200 इम्पल्स (एका युनिटला इतक्या वेळा लुकलुक) लिहिलं असेल तर 350 वॅटला 18-19 वेळा. बरंच जास्त आलं तर आधी फिल्टर बघा. धुळीने बुजला की मशीन तापतं, ऑक्सिजनची शुद्धताही घसरते. बाहेरचा स्पंज आठवड्याला धुवा, पूर्ण वाळल्यावरच बसवा.

वाचवायचं ते पंख्यावर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीतला पंखा दिवसरात्र फिरतो. जुना 75 वॅटचा काढून 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावला की महिन्याला 32 युनिट वाचतात, तेही महागड्या टप्प्यातले. एअर मॅट्रेसच्या पंपाला हात लावू नका. तो महिन्याला जेमतेम पाच-सात युनिट घेतो.

छतावरचं साधं ऑन-ग्रिड सोलर बिल उतरवतं, पण लाइट गेली की तेही बंद पडतं. बॅकअपला साइन वेव्ह (घरच्या विजेसारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर घ्या. 150 एएच (अँपिअर-तास) क्षमतेची चांगली बॅटरी मशीनला तीन-साडेतीन तास धरते. शिवाय ऑक्सिजनचा एक बी टाइप (मध्यम आकाराचा) सिलिंडर भरलेला असू द्या: दोन लिटर फ्लोवर बारा तास.

बिल थकलं तरी 15 दिवसांच्या लेखी नोटिशीशिवाय वीज तोडता येत नाही, वीज कायदा 2003, कलम 56. बिलच चुकीचं वाटत असेल तर तेवढी रक्कम ‘हरकत राखून’ भरा, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने भरा. वाद मिटेपर्यंत तोडता येत नाही. बिलाबद्दलच्या तक्रारअर्जाला डॉक्टरांचं पत्र आणि यूडीआयडीची (दिव्यांग ओळखपत्राची) झेरॉक्स जोडा, पोच घ्या.